ढिम्मीचा साचा

ढिम्मी हे काही त्या मुलीचं खरं नाव नव्हतं, पण खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. रांगत होती तेव्हापासून ती एकदा का कुठे टक लावून बसली की ढिम्म हलायची नाही. माशी नाकावर बसली तरी नाही. मुलं एका जागी बसत नाहीत म्हणून लोक डोक्याला हात लावतात. या घरात तो त्रास नव्हता, आणि त्याचं सगळ्यांना, विशेषतः तिच्या बापाला, भारी कौतुक होतं.

बाप पुतळे करायचा. म्हणजे चौकात उभे करायचे थोरामोठ्यांचे नव्हेत, कपड्यांच्या दुकानात काचेआड उभे असतात ते. घराच्या खालच्या मजल्यावरच कारखाना होता. भिंतीला टेकवलेली धडं, खोक्यांत हात, तारेवर उलटे टांगलेले पाय. नवीन माणूस आत आला की आधी दचकायचा आणि मग उगाचच मोठ्याने हसायचा. बापाची थोरली बहीण, म्हणजे ढिम्मीची आत्या, तिथेच काम करायची. पुतळ्यांचे डोळे रंगवायचे ते तिने. तिने लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती ब्रश न थांबवता असं काही सुनवायची की तो पुन्हा त्या वाटेला जात नसे.

त्या वर्षी लहान मुलांच्या कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाचं काम आलं. दुकानदाराला बाहुल्यांचे गुबगुबीत चेहरे नको होते. खऱ्या मुलाचा चेहरा हवा, असं त्याचं म्हणणं. आता खऱ्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा म्हणजे भुवया-पापण्यांना व्हॅसलीन चोपडायचं, नाकपुड्यांत श्वासापुरत्या दोन नळ्या बसवायच्या आणि वरून पातळ प्लास्टर ओतत जायचं. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. चांगली मोठी माणसं तेवढ्यात कासावीस होतात, गाल थरथरतो, कपाळाला आठी पडते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून बापाने एक नियम ठेवला होता. मधूनमधून "ठीक आहे ना?" असं विचारायचं, आणि खाली झोपलेल्याने अंगठा वर करायचा. अंगठा आला नाही की प्लास्टर काढून टाकायचं, साचा गेला तरी बेहत्तर.

पहिल्या दिवशी ढिम्मीने एकदा अंगठा वर केला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा हात तसाच पडून राहिला. बाप घाईघाईने प्लास्टरला हात घालणार, तेवढ्यात आत्याने त्याचं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "ती ठीक आहे. ती कुठे गेलीय ते मला माहीत आहे."

आणि तिला खरंच माहीत होतं. आत्या स्वतः सहासात वर्षांची असताना तिलाही हे व्हायचं. कुणी शिकवलेलं नव्हतं. दुपारी जिन्याच्या पायरीवर बसून समोरच्या भिंतीवरच्या उन्हाकडे बघता बघता सगळे आवाज लांब जायचे. पाण्याचा पंप, शेजारणींची भांडणं, ऐकू सगळं यायचं, पण ते दुसऱ्या कुणाला तरी ऐकू येतंय असं वाटायचं. मग हात मोठे व्हायला लागायचे, जिन्याएवढे, घराएवढे, आणि हळूहळू ते तिचे राहायचे नाहीत. त्यापुढे काहीतरी फार मोठं आणि फार शांत जवळ येऊ लागायचं, आणि नेमका त्याच वेळी आईचा धपाटा पाठीत बसायचा. आईला वाटायचं, पोरीला फिट येतात. डॉक्टर झाले, कडू औषधं झाली. पोर मोठी झाली तसं ते आपोआप थांबलं. पुढे पन्नाशीला टेकल्यावर आत्याने पैसे भरून एका हॉलमध्ये डोळे मिटून बसायचा वर्गही करून पाहिला. त्यातून पायाला मुंग्या आल्या आणि शेजारचे गृहस्थ घोरतात एवढं कळलं.

म्हणून साचा निघाल्यावर ढिम्मी जेव्हा म्हणाली, "आत्या, माझे हात केवढे मोठे झाले होते," तेव्हा आत्याच्या हातातला ब्रश घसरला. ती डोळे रंगवत होती तो पुतळा अजूनही कुठल्यातरी दुकानात तिरळं बघत असेल.

साचा मात्र असा उतरला होता की बाप बघत राहिला. कपाळावर रेघ नाही, ओठांत ताण नाही. अंगठ्याचा नियम त्या दिवशी संपला. कुणी तसं ठरवलं नाही, फक्त कुणी पुन्हा विचारलं नाही. काम झालं की आत्या ढिम्मीच्या कानाशी वाकून हळू आवाजात हाक मारायची आणि ती परत यायची. बापाने घसा फोडला तरी तिला ऐकू जात नसे. आत्याची हाक मात्र पोचायची.

दुकानदाराने त्या चेहऱ्याचे डोळे उघडे करून रंगवायलासुद्धा नको म्हटलं. मिटलेलेच असू देत, त्यातच सगळी जादू आहे. त्याने तो पुतळा झोपायचे कपडे घालून काचेआड बसवला आणि आठवड्याने हसत हसत सांगायला आला की गिऱ्हाईक त्या काचेपुढून हलतच नाही. लहान मुलं तर नुसती उभी राहतात, आईबापांना अक्षरशः ओढून न्यावी लागतात. बापालाही हसू आलं. आत्याला आलं नाही. काचेपुढून न हलणारी मुलं म्हणजे काय ते तिला कळलं, आणि ती पुढचा डोळा रंगवायला बसली.

बोलायला हवं होतं. कारण ढिम्मी आता प्लास्टरशिवायही जाऊ लागली होती. जिना चढताना एक पाय वर, तशीच थांबायची. एकदा भर रस्त्यात थांबली. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि आत्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. परत यायलाही तिला जास्त वेळ लागायचा, आणि आल्यावर ती माणसांकडे अशी बघायची की ही कोण मंडळी, हे आठवायला तिला जरा कष्ट पडतायत. हे सगळं घडायचं दिवसा, जेव्हा ढिम्मीची आई बिस्किटांच्या कारखान्यात पाळीवर असायची. भावजयीला यातलं काही सांगायचं म्हणजे साचे बंद झाले असते. साचे बंद म्हणजे ढिम्मीच्या गोष्टीही बंद. आणि त्या गोष्टी आत्याला हव्या होत्या. तिने हे स्वतःशीही कबूल केलं नसतं, पण खरं तेच होतं. साचा निघाला की ती पोरीचं तोंड पुसत, जिभेवर साखर ठेवल्यासारखं गोड बोलत, एकेक गोष्ट काढून घ्यायची. ज्याच्या दारातून तिला धपाटा घालून परत आणलं होतं, त्याच्या आत ही पोर जात होती.

"हात मोठे झाले, मग पुढे काय होतं?"

"मग मी नसते."

"भीती नाही वाटत?"

"कुणाला वाटणार?" ढिम्मी म्हणाली. "मी नसतेच ना."

आत्याला त्या रात्री जेवण गेलं नाही. भीतीने म्हणावं तर भीती होतीच, पण हेवा तिच्यापेक्षा मोठा होता.

मग दुकानदाराला पूर्ण डोकं हवं झालं. कान, मान, सगळं. आत्या भावाला म्हणाली की कान झाकले तर हाक कशी पोचणार? भाऊ म्हणाला, हाताने हलवून उठव, थोड्या वेळाचं तर काम आहे. तिने नको म्हटलं असतं तर तो थांबला असता, बहिणीचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. ती नको म्हणाली नाही.

ढिम्मी टेबलावर आडवी झाली आणि प्लास्टर कानांवर यायच्या आधीच निघून गेली. बाप डोक्याच्या मागच्या बाजूचं प्लास्टर कालवायला मागच्या मोरीत गेला. जाताना सांगून गेला, श्वासावर लक्ष ठेव. आत्याने नळ्यांच्या टोकाशी बोट धरलं. उबदार श्वास यायचा, बोटाला लागायचा, थांबायचा. पुन्हा यायचा. दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं. आत्या जिवाचं बोट करून बसली होती. दुसरं काही तिच्या डोक्यात नव्हतं. असून चालणारही नव्हतं.

मोरीतला पाणी ओतल्याचा आवाज लांब गेला.

पहिल्यांदा तिचा विश्वास बसला नाही. मग बोट मोठं व्हायला लागलं. टेबलाएवढं झालं, खोलीएवढं झालं, आणि ते तिचं राहिलं नाही. इतक्या वर्षांनी. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात नव्हते. बोटाला श्वास लागून बराच वेळ झाला होता, हे तिला कळत होतं. उठायला हवं, प्लास्टर फोडायला हवं, हेही कळत होतं. पण ते सगळं दुसऱ्या कुणाला तरी कळतंय असं वाटत होतं. अजून थोडंसं, एवढंच तिला वाटलं. यावेळी मागे आई नाही.

भावाच्या धक्क्याने ती खुर्चीवरून खाली पडली तेव्हा त्याने प्लास्टर फोडलेलं होतं. ढिम्मीचे ओठ जांभळे पडले होते. बाप तिच्या तोंडात फुंकत होता, छाती दाबत होता, मध्येच देवाला हाक मारत होता. शेवटी पोर खोकली आणि तिने डोळे उघडले. जमिनीवर पडलेल्या आत्याच्या मनात त्या क्षणी सगळ्यात आधी काय आलं? राग. आपल्याला परत आणलं म्हणून भावाचा राग. लाज मागाहून आली, आणि आली तेव्हा तिला तोंड वर करवेना.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. ते म्हणाले, ही गप्प होते तेव्हा हिचा श्वास फारच मंद होतो, का ते सांगता येत नाही. गप्प होतेय असं दिसलं की लगेच हाक मारायची, क्षणाचाही उशीर करायचा नाही. पुढच्या वेळी परत येईलच अशी खात्री मी देणार नाही. बापाने घरी येऊन ढिम्मीचे सगळे साचे हातोडीने फोडले, दुकानदाराचं काम सोडलं, आणि तुकड्यांमध्ये बसून लहान मुलासारखा रडला. ताई घाबरून बेशुद्ध पडली, असं त्याने बायकोला सांगितलं. त्याला तसंच वाटलं होतं. आत्याने ते दुरुस्त केलं नाही.

भावजयीला नोकरी सोडणं शक्य नव्हतं. कामावर निघताना तिने आत्याचे दोन्ही हात धरले.

"ताई, तिला फक्त तुमची हाक कळते," ती म्हणाली. "तुमच्या भरवशावर सोडून जातेय."

आत्याने मान हलवली, आणि ती मनापासून हलवली. पहिले काही दिवस डोळ्यांत तेल घालून तिने पोरीला जपलं. नजर जरा थिजली की हाक. घास तोंडात अडला की हाक. ढिम्मी दरवेळी परत यायची, वैतागून, पाय ओढत.

मग एका दुपारी बाप उधारी वसूल करायला बाहेर गेला होता. घर शांत होतं. ढिम्मी टेबलापाशी दूध पीत होती. आत्या स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिने पाहिलं, पोरीची नजर भिंतीवर टेकली होती. कपबशीच्या आवाजाने, रस्त्यावरच्या हॉर्नने ती हलली नाही. हातातला पेला कलता कलता अर्ध्यावर थांबला होता.

आत्याने हाक मारायला तोंड उघडलं.

मग ती पाऊल न वाजवता पुढे आली. पेला पडून आवाज होईल म्हणून तिने तो पोरीच्या बोटांतून अलगद सोडवून घेतला. खुर्ची जवळ ओढली, बसली, आणि ढिम्मीच्या नाकाखाली बोट धरलं. एक श्वास आला. त्यानंतर बराच वेळ आला नाही, आणि आत्याने डोळे मिटले.