मार्गेडचा बाप्तिस्म्याचा झगा

या, असे शेगडीजवळ सरकून बसा. कोर्टाची गोष्ट सांगतो. घाबरू नका, हिच्यात गाणंही आहे.

वेल्समधल्या आमच्या खोऱ्यात एक छोटं रेडिओ केंद्र आहे. दर रविवारी तिथून पाद्रीबाबा एल्विन यांचं प्रवचन लागतं. बाबा बोलता बोलता गाऊ लागतात आणि ऐकणाऱ्याच्या हातातला चहा हातातच निवतो. म्हातारी मार्गेड प्रोबर्ट गुडघ्यांपायी घरातच अडकलेली. तिचा रविवार त्या रेडिओतूनच यायचा. गेल्या उन्हाळ्यात मात्र मंडळींनी तिला खुर्चीसकट उचलून नदीत नेलं आणि बाबांनी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला.

पुढे त्याच केंद्राने बातमी दिली, की ट्रहर्न यांची चीजची फॅक्टरी नदीत घाण सोडते. ट्रहर्नने अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. हरलं तर केंद्राला कायमचं कुलूप.

केंद्राची वकील निया मार्गेडकडे आली.

"मावशी, बातमी खरी असली तर आपण सुटतो. पण ती खरी आहे हे आपणच सिद्ध करायचं. खोटी आहे हे ट्रहर्नला दाखवावं लागत नाही."

"हा कुठला गं न्याय?"

"इथलाच. आणि तेव्हाचं पाणी कोणी बाटलीत भरून ठेवलेलं नाही. आता नदी बघा, आरसा नुसता!"

"असणारच. दावा ठोकल्यापासून मेला सोवळ्यात वागतोय."

"तुम्ही नदीत उतरलात तेव्हा काही दिसलं का?"

मार्गेडने कपाटाकडे पाहिलं. आमच्या चर्चची रीत अशी, की बाप्तिस्म्याचा पांढरा झगा धुवायचा नाही. तसाच वाळवून ठेवायचा आणि मेल्यावर तोच घालून पुरायचं.

"झग्यावर तपकिरी डाग पडले," ती पुटपुटली. "मला वाटलं, माझी पापं निघाली. लाजेने कपाटात दडवला."

"मावशी, पापांना चीजचा वास येतो?"

"मला काय ठाऊक! आयुष्यभर मी चीजच खाल्लंय."

हसू आवरल्यावर निया म्हणाली, "तपासणीला त्यातला तुकडा कापावा लागेल."

हे तिचं शेवटचं वस्त्र. तिने बाबांना फोन लावला.

"बाबा, भोक पडलेल्या झग्यात वर घेतील का हो?"

"मार्गेड, तिथे कपडे बघून आत सोडत असते तर माझं काय झालं असतं?"

तिने झगा दिला. मार्गेडबरोबरच नदीत बाप्तिस्मा घेतलेल्या पोस्टमन आयव्हरला हे कळलं, तेव्हा त्यानेही आपल्या झग्यावरची दडवलेली 'पापं' मुकाट्याने आणून दिली.

डागांत दुधाची चरबी निघाली आणि फॅक्टरीत टाक्या धुवायला वापरतात तेच रसायनही. नदीवर दुसरी फॅक्टरी नव्हतीच. न्यायाधीशबाईंनी बातमी खरी ठरवली आणि दावा फेटाळला.

त्या रविवारी बाबा असे गायले, की मार्गेडचे डोळे भरून आले. बाबांनी 'सत्य' या शब्दावर धरलेला सूर तिने खुर्चीतून उचलला, बेसूर का होईना, पण शेवटपर्यंत.

मंडळी, आज निजण्याआधी तेवढी आमच्या मार्गेडची आठवण काढा.