मी, 'साभार परत' झालेली कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. पाठ खिळखिळी झाली आहे, कोपरे दुमडले आहेत, मुखपृष्ठावर कुणाच्या तरी कपाचा गोल डाग आहे. पण कीव करू नका हं! माझ्याइतकी मिरवलेली प्रत या गावात दुसरी नाही.

मला लिहिलं ते विजेच्या मीटरचं रीडिंग घेणाऱ्या एका बाईने. दारोदार फिरताना जे दिसलं, ते तिने सहा वर्षं वहीत उतरवलं. माझं नाव आहे 'रीडिंग घ्यायला आलेय!'; हेच वाक्य ती रोज शंभर दारांत ओरडायची. मी छापून आल्यावर तिने माझ्या पहिल्या पानावर 'अभिप्रायार्थ' असं लिहिलं आणि मला गावच्या साप्ताहिकाच्या कचेरीत नेऊन दिलं. मला वाटलं, चला, आपले दिवस पालटले!

कसले पालटतात? संपादकांनी मला उघडलंसुद्धा नाही. "इथल्याच बाईचं आहे ना, असेल काहीतरी," म्हणाले, आणि खिडकी आपटते म्हणून मला फटीत खुपसलं. पाच महिने मी वारा अडवत होते.

आता तुम्हाला दोन शब्द सांगायला हवेत. आलेल्या पुस्तकांची नुसती नावं छापतात, त्याला म्हणतात 'साभार पोच'. पुस्तक मिळालं, आभारी आहोत. वाचलं असा त्याचा अर्थ मुळीच नाही! आणि नापसंत लिखाण परत धाडताना त्यावर लिहितात 'साभार परत'. कचेरीत छापण्याआधी चुका शोधणारे एक गृहस्थ होते. दुकानांच्या पाट्यांवरच्या वेलांट्याही ते सोडत नसत, म्हणून सगळे त्यांना वेलांटीकाका म्हणत. एके दिवशी त्यांनी सकाळपासून अकरा कवितांवर 'साभार परत' लिहिलं. मग आलेल्या पुस्तकांची यादी लिहायला घेतली, तर हात त्याच नादात पुढे चालला. आणि माझ्या नावावर 'साभार पोच'ऐवजी छापून आलं, 'साभार परत'!

गावाला तेवढंच हवं होतं. "काय हो, पुस्तक परत आलं म्हणे?" ज्या दारात जावं तिथे हेच. तिसऱ्या दिवशी माझी लेखिका तरातरा कचेरीत आली.

"परत केलंय ना? मग माझी प्रत द्या परत!"

वेलांटीकाकांनी मला खिडकीतून ओढून काढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी ती दशा बघून तिने पुढे केलेला हात मागे घेतला. "दुसरी कादंबरी अर्धी झालीय माझी," ती म्हणाली. "पण आता नाही लिहायची. कुणी वाचतच नसेल तर कशाला?"

काका मान खाली घालून म्हणाले, "चूक माझी आहे, ताई. आठ दिवस द्या. वाचतो आणि अभिप्राय लिहितो."

"दया म्हणून गोड लिहिणार असाल तर नको."

"छे हो! गोड लिहायला मला येतंय कुठे?"

रविवारी सकाळी काका पेन्सिलीला टोक काढून बसले. पहिल्या तीन प्रकरणांत एकतीस चुका! माझ्या अंगावर खुणाच खुणा. मग आलं चौथं प्रकरण. त्यात एकटे राहणारे एक आजोबा आहेत. दर महिन्याला ते मीटरवालीला म्हणतात, "आकडा चुकलाय, परत बघा." आकडा बरोबरच असतो. तिने आणखी दोन मिनिटं थांबावं, एवढंच त्यांना हवं असतं. तिथून पुढे माझ्या पानांवर एकही खूण नाही, मित्रांनो. चुका तिथेही आहेत, मला ठाऊक नाहीत होय!

"अहो, जेवण गार झालं," काकू दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्या काकांच्या खांद्यावरून वाचू लागल्या. "पान उलटू नका, माझं व्हायचंय अजून!"

अभिप्राय बघून संपादक कुरकुरले. "इथल्या प्रत्येकाचं छापायला लागलो तर दारात रांग लागेल."

"लागू दे की!" काका गरजले. बिचाऱ्यांचा आवाज चढलेला कचेरीने पहिल्यांदाच ऐकला.

मथळा होता, 'होय, परत! परत परत वाचावी अशी कादंबरी'. खाली स्वतःच्या चुकीची कबुली होती. सुरुवात पाल्हाळाची आहे, सासऱ्याचं पात्र अगदीच कागदी आहे, हेही स्पष्ट लिहिलं होतं. आणि शेवटी, 'एकतीस चुकांनंतर माझी पेन्सिल कुठे पडली, मला आठवत नाही.'

मग काय विचारता! मला ग्रंथालयात मानाने नेऊन ठेवलं आणि आठवड्यात बेचाळीस वाचकांनी नावं नोंदवली. पुढे दुसरी आवृत्तीही निघाली. दार उघडल्यावर लोक मीटर दाखवायचं विसरत आणि विचारत, "त्या आजोबांचं पुढे काय झालं हो?"

ती काकांना भेटायला आली तेव्हा काका जरा बिचकलेच. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "सासरा कागदी आहे, हे वाचून मी घरात नाचले," ती म्हणाली. "आहेच तो कागदी! लिहितानाच कळत होतं मला. म्हणजे तुम्ही खरंच वाचलंत!" त्याच संध्याकाळी तिने अर्धी राहिलेली वही उघडली. वर्षभरात ती पुरी झाली.

मित्रांनो, मला कव्हर घाला, पानं दुमडू नका, हे तुम्हाला मोठ्यांनी सांगितलेलंच असेल. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या गल्लीत कुणी पुस्तक लिहिलं असेल, तर ते वाचा आणि कसं वाटलं ते त्यांच्या दारात जाऊन सांगा. आवडलं नसेल तर का नाही, तेही सांगा. ती माणसं आतून दाराला कान लावूनच बसलेली असतात.