विषाचा रकाना

लोझानची रादा चार वर्षं जिवंत होती. द्रुझ्बा वस्तीतल्या त्या आठ इमारतींत एवढं टिकलेलं दुसरं काही नव्हतं. लिफ्टसुद्धा नाही.

रादा म्हणजे ‘काळी विहीर’ या गेममधली त्याची तिरंदाज. गेम दोन तऱ्हांनी खेळता यायचा. एका तऱ्हेत मेलं की गावच्या चौकात परत उभं राहायचं, अंग झटकायचं, पुन्हा विहिरीत उतरायचं. त्याला लोझान ‘पाळण्यातला खेळ’ म्हणायचा. दुसऱ्या तऱ्हेत मेलं की मेलं. नाव पुसलं, लेव्हल पुसली, घातलेली वर्षं पुसली. रादा या दुसऱ्या तऱ्हेतली, एक्क्याण्णवाव्या लेव्हलवर पोचलेली.

लोझान फ्रिज दुरुस्त करायचा. चव्वेचाळिशीचा गडी. चाळिशीला छातीत कळ येऊन आडवा झाला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “यापुढं एक जरी सिगारेट ओढलीस तर माझ्याकडे येऊ नकोस, सरळ पाद्र्याकडे जा.” घरी येऊन त्यानं रादा तयार केली आणि मनाशी ठरवलं, ही जिवंत आहे तोवर सिगारेट नाही. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी हसून जीव घेतला असता. पण त्याला पक्कं ठाऊक होतं, ती गेली की त्याच संध्याकाळी आपण पाकीट फोडणार, आणि मग पुढचं फार लांब नाही.

वस्तीत इंटरनेट म्हणजे एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर कपड्यांच्या दोरीसारख्या टाकलेल्या वायरी. त्या वायरींवर वीसेक जणांची टोळी खेळायची, आणि त्या टोळीचा मेंदू होते मेतोदीकाका. समोरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. जहाजाच्या कारखान्यात तीस वर्षं नकाशे काढून रिटायर झालेले. आता चौकटीच्या कागदावर टोकदार पेन्सिलीनं लोकांचे आराखडे काढायचे. कुठल्या लेव्हलला किती पॉइंट ताकदीला, किती चपळाईला, कुठलं शिरस्त्राण, कुठली अंगठी. खाली एका ओळीत चार रकाने: आग, थंडी, वीज, विष. प्रत्येकात पंचाहत्तर आलं पाहिजे. शंभरातलं पंचाहत्तर अंगावर येण्याआधीच विरतं, त्यापुढं गेम देत नाही. माणसानं गेम उघडायचा, काकांनी त्यात त्यांचं पात्र, एक पुजारी, घेऊन यायचं, शेजारी उभं राहून आकडे वाचून घ्यायचे, कागद भरायचा. बदल्यात मिरच्यांच्या लोणच्याची बरणी दिली तरी खूश.

टोळीचे नियम तीनच. एकट्यानं कधी उतरायचं नाही. एकट्यानं गेमच उघडायचा नाही. आणि उतरण्याआधी यादीतल्या एका नावापुढं खूण करायची. आपण मेलो तर आपलं सामान फक्त त्यालाच उचलता येतं. सगळे मेतोदीकाकांच्या नावापुढं खूण करायचे. माणूस सरळ, पुढं वाटून टाकील.

मार्चमध्ये एका दुपारी यांकाताई लोझानच्या दारात आली. ट्रॉलीबसमध्ये तिकिटं तपासणारी बाई, पन्नाशीची, विनातिकीट माणूस तीन थांबे आधी ओळखणारी. तिची ढालवाली गेल्या शरदात विहिरीच्या सातव्या तळावर मेली होती, आणि तेव्हापासून यांकाताई काळा स्कार्फ बांधत होती. गमतीनं बांधते असं सगळे म्हणायचे. पण काढत नव्हती.

तिनं टेबलावरची चीजभरली बानित्सा बाजूला सरकवली आणि पर्समधून दोन कागद काढले.

“हा माझा. हा पेंचोचा, त्याचा कुऱ्हाडवाला मेला तेव्हाचा, त्याच्या बायकोकडून आणला. वाच.”

“ताई, मेलेल्यांचे कागद कशाला गोळा करतेस?”

“वाच म्हटलं ना, मुकाट्यानं.”

लोझाननं वाचलं. सुबक अक्षर, चारही रकाने पंचाहत्तर. “बरोबर तर आहे सगळं.”

“बरोबर आहे, आणि आम्ही दोघं मेलोय! एकूण सात जण मेलो, लोझान. सातही सातव्या तळावर, सातही त्या म्हाताऱ्याच्या कागदानं. आणि सातही वेळा तो जिवंत परत. एकदा वायर निघाली, एकदा दारात बाई आली, एकदा शेगडीवर घेवडा करपला. कधी ऐकलंस, घेवडा करपल्यामुळं कुणाचा जीव वाचला?”

“घेवडा करपू शकतो.”

“करपतो ना. आणि सामान कुणाच्या पेटीत जातं?” तिनं बानित्साचा तुकडा तोडला. “माझी ढाल त्यानं अजून कुणाला दिलेली नाही. तुझं धनुष्य बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. शनिवारी उतरताय ना दोघं? जा. मी काळा स्कार्फ तुला उसना देईन.”

“तुझ्या तोंडाला साबण लावला पाहिजे,” लोझान म्हणाला. हसलाही. पण ती गेल्यावर त्यानं उरलेली बानित्सा झाकून ठेवली.

संध्याकाळी तो नेहमीसारखा काकांबरोबर गेममध्ये होता. गावच्या चौकात दोघं उभे, रादा आणि पुजारी. काकांनी टाइप केलं, ‘पाव संपलाय, दुकान बंद व्हायच्या आत आणतो. तू हलू नकोस.’ पुजारी नाहीसा झाला. चार वर्षांत पहिल्यांदाच लोझान गेममध्ये एकटा राहिला.

रादाचा आकड्यांचा तक्ता उघडाच होता. त्याची नजर सहज खाली गेली.

विष: वीस.

त्यानं डोळे चोळले. पंचाहत्तर कुठं गेलं? अंगठ्या जागेवर, चिलखत जागेवर. दहा मिनिटांनी पुजारी परत उगवला, रादाच्या शेजारी उभा राहिला, आणि आकडा टुणकन पंचाहत्तर. ‘गरम पाव मिळाला,’ काकांनी लिहिलं.

लोझाननं मनात हिशोब मांडला. पुजाऱ्याच्या अंगात एक प्रार्थना होती, जवळ उभं असणाऱ्याला विषापासून जपणारी. वस्तीतल्या प्रत्येकाचा कागद पुजारी शेजारी असताना भरलेला. प्रत्येकाच्या पंचाहत्तरातले पंचावन्न म्हाताऱ्याचे. म्हातारा सरकला की माणूस उघडा. आणि म्हातारा सात वेळा सरकला होता.

काकांना तेव्हाच एक ओळ लिहून विचारता आलं असतं. बोटं कीबोर्डवर गेलीसुद्धा. मग त्याला यांकाताईची ढाल आठवली, आणि त्यानं लिहिलं, ‘पावाला मिरचीची ल्युतेनित्सा लावा, काका.’

पुढचे तीन दिवस लोझाननं स्वतःचा आराखडा स्वतः काढला. फ्रिजच्या गॅरंटीकार्डाच्या पाठीवर, काकांची झोपेची वेळ साधून, गेम एकट्यानं उघडून. पेटीच्या तळाशी बेडकाच्या कातड्याचे बूट पडले होते. हिरवे, फताडे, असले बूट घालून रादा लग्नात गेली असती तर नवरदेव पळाला असता. पण विषाला तीस. जळवांचा पट्टा, आणखी पंधरा. वीस, तीस आणि पंधरा. पासष्ट. दहा कमी, पण स्वतःचे.

अडचण एकच. बुटांना ताकद साठ लागायची, रादाची अठ्ठेचाळीस. बारा पॉइंट शिल्लक होते, पण काकांनी ते पंच्याण्णवाव्या लेव्हलच्या मोठ्या धनुष्यासाठी राखून ठेवायला लावले होते. “एकदा टाकलेला पॉइंट परत निघत नाही, पोरा. घाई करू नकोस,” असं किती वेळा सांगितलेलं. लोझाननं बाराही ताकदीत ओतले. मोठं धनुष्य आता रादाला कधीच मिळणार नव्हतं. मग पायघोळ झगा चढवला, बूट दिसू नयेत म्हणून. आणि यादीतली काकांच्या नावापुढची खूण पुसून टाकली.

शनिवार. भर दुपार, दुनाव नदीवरून आलेलं धुकं अजून इमारतींच्या मधेच लोंबकळत होतं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी डिशची छत्री ठोकत होता. ठण, ठण, ठण.

‘झगा कशाला घातलास?’ काकांनी लिहिलं.

‘थंडी वाजते तिला.’

‘हाहा. चल, माझ्या जवळ राहा.’

सातव्या तळावर कोळ्यांची लांबलचक दालनं होती. रादा बर्फाचे बाण सोडत पुढं, पुजारी मागं. बाण लागला की कोळी मधात पडल्यासारखा हळू व्हायचा, आणि पुजारी त्याला काठीनं निवांत संपवायचा. पुजाऱ्याच्या अंगावर चिलखत असं नव्हतंच. काकांनी स्वतःच्या कागदावरचे सगळे पॉइंट प्रार्थनेत घातले होते. ‘तुझे बाण आहेत ना, मला लोखंड कशाला?’ असं ते म्हणायचे. लोझाननं त्यावर आजवर कधी विचार केला नव्हता. आज केला.

तिसऱ्या दालनात छताची जाळी फाटली आणि कोळ्यांची आई खाली आली. हिरवा धूर सुटला. त्याच क्षणी गच्चीवरची ठणठण थांबली आणि पुजारी जागच्या जागी गोठला. मग नाहीसा झाला.

“आठवी वेळ,” लोझान मोठ्यानं म्हणाला. खोलीत कुणी नव्हतं.

रादाचं रक्त भराभर उतरू लागलं. अर्धं. पाव. लोझान पळत राहिला, वळून बाण, पळत राहिला, वळून बाण. पट्टीवर नखाएवढा लाल ठिपका उरला, आणि तिथंच अडकला. बुटांनी धरलं. धूर ओसरला. रादा एका खांबामागं उभी होती, जिवंत, आणि गावाचा दरवाजा तिच्या पाठीशी चार पावलांवर उघडा होता.

जाता आलं असतं. लोझान गेला नाही. औषधाच्या बाटल्या रिकाम्या केल्या आणि थांबला.

चार मिनिटांनी पुजारी दरवाज्यातून आत आला. ‘वायर! छत्रीवाल्यानं उपटली!! गच्चीवर जाऊन लावली. जिवंत आहेस?? हलू नकोस, मी येतोय, माझ्या जवळ ये!’

पुजारी धावतच खांबापुढं निघून गेला, रादाला शोधत, थेट कोळ्यांच्या आईच्या पुढ्यात. रादाचा बाण चढवलेला होता. एकच सोडायचा होता. लोझाननं माउसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

‘बाण?’ पडद्यावर उमटलं. मग, ‘लोझान बाण’. मग काही नाही.

वेळ फार लागला नाही. लोखंड नव्हतंच अंगावर.

कोळ्यांची आई जाळ्यात परत चढली. लोझाननं रादाला पुजाऱ्याच्या देहापाशी नेलं. उघडणार नाही हे माहीत होतं. म्हाताऱ्यानं स्वतःचा वारस कशाला नेमला असेल? नुसतं बघावं म्हणून त्यानं टिचकी मारली.

देह उघडला.

पुजाऱ्याच्या पोतडीत यांकाताईची ढाल होती. पेंचोची कुऱ्हाड होती. सातही जणांचं सामान, प्रत्येकाला काकांनी चिठ्ठी लावलेली: ‘यांकाची. पुन्हा खेळायला लागली की द्यायची.’ ‘पेंचोची. त्याच्यासाठी.’ लोझान एकेक वाचत गेला. शेवटची वाचून त्यानं पोतडी मिटली.

“लोझाऽऽन!”

हाक बाहेरून आली होती. तो बाल्कनीत गेला. समोर चौथ्या मजल्यावर मेतोदीकाका उभे होते, बनियनवर, पायात एकच सपाता, गच्चीवर धावपळ केल्यानं धापा टाकत.

“जगलास का रे? रादा जगली ना?”

“जगली, काका.”

“देवा तुझे उपकार!” म्हातारा कठड्यावर वाकला. “माझं मरू दे रे, मी बासष्ट वर्षांचा, परत सुरू करीन. पण ऐक, मला आत्ता काय कळलं! वायर लावून आलो ना, घाईत तुझाच तक्ता आधी उघडला, लांबून. विष पंचाहत्तर नव्हतंच! मी जवळ नसलो की आकडा पडतो! माझीच प्रार्थना मी सगळ्यांच्या कागदात धरत होतो, लोझान. सात माणसं माझ्या पेन्सिलीनं मारली मी. सात!” त्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. “तुला कधी दिसलं होतं का रे?”

आजूबाजूच्या बाल्कन्यांत लोक आले होते. लोझानच्या बरोबर खालच्या बाल्कनीत यांकाताई, काळा स्कार्फ बांधलेली, मान वर करून ऐकत होती.

“नाही, काका,” लोझान म्हणाला.

मेतोदीकाकांनी मान हलवली. डोळे पुसले. मग त्यांचा हात चेहऱ्यावरच थांबला. नकाशे काढणारा माणूस. आकडा जुळला नाही की त्याला चैन पडत नसे. त्यांनी हळूच हात खाली घेतला आणि दोन इमारतींमधल्या धुक्यातून लोझानकडे नीट बघितलं.

“पासष्ट होतं,” ते म्हणाले. आता ओरडत नव्हते, तरी प्रत्येक शब्द ऐकू येत होता. “मी नसताना तुझं पासष्ट होतं. माझ्या कागदाप्रमाणं ते वीस निघायला हवं. पंचेचाळीस आले कुठून, पोरा?”

लोझाननं कठडा घट्ट धरला. खालून यांकाताई कुजबुजली, “बोल काहीतरी, मूर्खा.”

म्हातारा वाट बघत उभा होता, आणि घरात पडद्यावर रादा, ठणठणीत, त्याच्या पुजाऱ्याच्या देहाशेजारी उभी होती.