एकतीस बाटल्या

मंगल हसली तशी तिच्या मांडीवरचं सूप हललं आणि चार बिड्या जमिनीवर घरंगळल्या.

"माझ्यात काय सापडंल गं? माझं व्हतंच कुठं ते?"

ऋतिकाला आधी वाटलं, वहिनी चेष्टा करतीय. बेळगावहून सकाळच्या बसनं ती निपाणीला आलती ती चांगली बातमी सांगायला. पिशवीत विद्यापीठाचा छापील अहवाल होता, गुळगुळीत कागदाचा, मुखपृष्ठावर सुपं घेऊन बसलेल्या बायकांचा फोटो. बिड्या वळणाऱ्या चाळीस बायकांची लघवी तपासली आणि निकोटीनचा सरासरी अंश धोक्याच्या रेषेखाली निघाला, असं त्यात लिहिलं होतं. चाळीसही बायका ह्याच गल्लीतल्या, तिच्या मनुमावशीच्या. मंगल ही मनुमावशीची सून.

"तुझं नव्हतं म्हणजे? सतरा नंबरची बाटली तुझी. तुझ्या नावाचा कागद हाय माझ्याकडं."

"कागदावर सही मी केली व्हय. बाटली आत्तींनी भरली."

आतून तिची सासू मनुबाई आली, पदराला हात पुसत. तिच्या तोंडावर लाज नव्हती की भीती नव्हती. उलट जरा अभिमानच होता.

"मी आन् शेजारची जयाबाई. एकतीस भरल्या दोघींनी. पहाटेपास्नं पाणी पीत बसलो व्हतो, तांब्यावर तांब्या. जया म्हणती, मनू, आता विहीर आटली गं माझी!" मनुबाई खदाखदा हसली. "काय करायचं मग? ह्या बायका लाजून घरात बसल्या. पोरीच्या हातात मुताची बाटली कशी द्यायची म्हणं. कुणाला कारखान्यात माल टाकायला जायचं. तू देवळाच्या कट्ट्यावर चाळीस बाटल्या मांडून बसलेली. तुझं काम अडू द्यायचं व्हय?"

ऋतिकाला हे कळायला पाहिजे होतं. तिच्याच प्रबंधाचं तिसरं प्रकरण ह्यावर होतं. ह्या गल्लीत एखादीच्या हजार बिड्या पुऱ्या झाल्या नाहीत, हात दुखला, पोर तापलं, तर शेजारीण आपल्या सुपातल्या उचलून तिच्यात टाकते आणि तिचा हजार भरून देते. कोण विचारत नाही, कोण सांगत नाही. कारखान्यात नेताना फक्त आकडा भरलेला पाहिजे. ऋतिकानं हे बावीस पानं खपवून लिहिलं होतं, इंग्रजीत. आणि त्याच बायकांपुढं चाळीस रिकाम्या बाटल्या ठेवून ती 'भरून द्या' म्हणाली होती. त्यांनी भरून दिल्या.

मनुबाईनं डोळे अधू झाल्यामुळं बिड्या वळायचं सोडून तीन वर्षं झालती. जयाबाई तर तिच्याही आधी बसली होती घरी. तंबाखूचा वाससुद्धा दोघींच्या हाताला उरला नव्हता, वर तांब्या तांब्या पाणी. यंत्राला काय सापडणार?

"तुला चक्कर येती का अजून?" ऋतिकानं मंगलला विचारलं.

"रोज. दुपारच्याला उलटी झाली की बरं वाटतंय." मंगलनं पानाला कात्री लावत सांगितलं, जेवण झालं का विचारल्यावर सांगावं तसं.

*

हायवेलगतच्या त्या खाजगी विद्यापीठात पाच वर्षांपूर्वी आंतरविद्या संशोधन केंद्र निघालं तेव्हा हार, फीत, पेढे सगळं झालं. ज्ञानाच्या भिंती पाडायच्या, असं त्या दिवशी चार जणांनी चार वेळा सांगितलं. ऋतिका त्या केंद्राची पहिली विद्यार्थिनी. मार्गदर्शक दोन: समाजशास्त्राचे उपेंद्र सर, जीवरसायनाच्या सुनंदा मॅडम. दोघंही बेळगावच्या टिळकवाडीत राहायचे, दोन गल्ल्या सोडून, आणि एकमेकांचा फोन उचलायचे नाहीत.

भिंती पाडायच्या बाजूलाच राहिल्या, ऋतिकाला हजेरीची दोन बुकं झाली. एक तिसऱ्या मजल्यावर समाजशास्त्राचं, एक तळमजल्यावर प्रयोगशाळेचं. वर सही केली की खाली गैरहजर. खाली थांबली की उपेंद्र सर म्हणायचे, "तुम्ही आता बाटल्याच धुवा." आणि सुनंदा मॅडम म्हणायच्या, "गप्पा मारून झाल्या असतील वर, तर कामाला लाग." पाच वर्षांत हे दोघं एका टेबलाशी तीनदा बसले, तिन्ही वेळा फोटो काढायला.

बाटल्या गोळा करायच्या दिवशी प्रयोगशाळेचा माणूस बरोबर पाहिजे, असं मॅडमच्या नियमात होतं. पण गावात जायचं काम समाजशास्त्राचं, त्याची ड्युटी त्यांनी लावावी, असं खालच्यांचं म्हणणं. प्रयोगशाळेचा माणूस आमच्या हाताखाली येत नाही, असं वरच्यांचं. दीड महिना ती फाईल जिन्यावर वर-खाली करत होती. शेवटी ऋतिका बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एकटी गेली. बायका बाटल्या आत घेऊन गेल्या आणि भरून आणल्या. कुणाची कुणी भरली हे बघायला दारात कोण होतं? कोणी नव्हतं.

एकतीस आकडे जवळजवळ एका ओळीत आले तेव्हा एक माणूस जरी दुसऱ्याच्या खोलीत डोकावला असता तर खोटं उघडं पडलं असतं. मॅडमनी तिसरं प्रकरण वाचलं असतं, किंवा सरांनी आकडे बघितले असते. दोघांनीही नाही. मॅडमना ओळ सुंदर दिसली, त्यांनी अहवाल छापला. सरांनी प्रस्तावना लिहिली.

*

"हे कुणाकुणाला सांगितलंस?" सुनंदा मॅडमनी पहिल्यांदा हेच विचारलं.

"कुणाला नाही मॅडम. तुम्हालाच आधी."

"बस." मॅडमनी दार लावलं आणि फोन केला. दहा मिनिटांत उपेंद्र सर खाली आले. तळमजल्यावर ते येतात हे ऋतिकानं पाच वर्षांत पहिल्यांदा बघितलं. प्रयोगशाळेतल्या स्टुलावर ते पाय अधांतरी सोडून बसले.

"तुमचा व्हायवा कधी आहे?" सरांनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"मग झालं की! अहो, नमुन्यात थोडी सरमिसळ होतेच. चार बायकांनी चार गोष्टी सांगितल्या म्हणून—"

"चार नाही सर, एकतीस. अहवाल खोटा आहे. तिथल्या बायका रोज उलट्या करतात. आणि आपण लिहिलंय त्यांना काही होत नाही."

"आपण नाही," मॅडम म्हणाल्या. "डेटा तू आणलास. फॉर्मवर सही तुझी आहे."

ऋतिका कंग्राळीच्या शेतकऱ्याची पोर. घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिली तीच. पाच वर्षं लग्नाला नाही म्हणाली, आईची बोलणी खाल्ली, आणि आता महिन्यावर आलेलं सगळं तिच्या डोळ्यांपुढं होतं. गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? तिनं हा विचार केला नाही असं नाही. पुरा केला, मॅडमच्या टेबलावरच्या गणपतीकडं बघत केला.

"सर, ह्याचाच पेपर होईल," ती म्हणाली. "बायकांनी बाटल्या का भरून दिल्या, हेच खरं संशोधन आहे. आणि नमुने परत घेऊ. तुम्ही दोघं एक दिवस निपाणीला या. एकच दिवस."

उपेंद्र सरांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी सरांकडं. पाच वर्षांत जे जमलं नव्हतं ते तेवढ्यात जमलं.

"अहवाल अनुदानाच्या कचेरीकडं गेलाय," मॅडम म्हणाल्या. "केंद्राची पुढची पाच वर्षं त्यावर आहेत. तुला तक्रारच करायची असेल तर लेखी दे. कुठल्या बायकांनी केलं, त्यांची नावं, अंगठे, सगळं. नावांशिवाय ती तुझी कहाणी."

"आणि लक्षात ठेवा," सर हळू आवाजात म्हणाले, "असा अर्ज सल्लागार मंडळापुढं जातो. मंडळावर नागेंद्रशेठ आहेत."

नागेंद्रशेठ म्हणजे बिडीचा कारखाना. मंगल ज्यांच्याकडं माल टाकायची तो कारखाना.

*

"लिही की माझं नाव," मनुबाई म्हणाली. "मला कोण कामावरनं काढतंय? मी बसलीयाच घरात."

"तुझं लिहिलं की वहिनीचं आलं. जयाबाईच्या पोरींचं आलं. उद्यापासून ह्यांच्या बिड्या घेईल कोण?"

मंगलनं मान खाली घातली. तिची बोटं चालूच होती; पान, तंबाखू, वळण, दोरा.

"एवढं काय झालं गं," मनुबाई म्हणाली, "चुकलं तर परत भरून—"

आणि ऋतिका ओरडली. "कुणी सांगितलं व्हतं तुला? कुणी मागितलं व्हतं? माझी पाच वर्षं मुतात घातलीस मावशे! अक्कल न्हाय, तर गप बसायचं व्हतं घरात!"

गल्लीतली सुपं थांबली. शेजारणीनं दारातून मान बाहेर काढली आणि आत घेतली.

मनुबाई खाली बसली. पदर सावरत म्हणाली, "वरड. त्या मास्तरणीवर वरडता येईना, म्हणून माझ्यावर वरडतीस. वरड. मला कळतंय."

ऋतिकाला तोंड लपवायला जागा सापडेना. जेवून जा, असं मनुबाई म्हणाली. ती जेवली. ताटातलं सगळं संपवलं, कारण मावशीपुढं अन्न टाकायची तिची टाप नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्ज दिला, एक पानाचा. चाळीसपैकी एकतीस नमुने त्या त्या बायकांचे नाहीत, बिडीच्या कामात नसलेल्या माणसांचे आहेत, त्यामुळं अहवालातला निष्कर्ष खोटा आहे, तो मागं घ्यावा. नमुने घेताना मी तपासलं नाही, चूक माझी. नाव तिनं एकच लिहिलं, स्वतःचं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. संशोधनात गैरप्रकार केल्याची विद्यार्थिनीनं स्वतः कबुली दिल्यामुळं नोंदणी रद्द. खाली दोन विभागांच्या दोन सह्या, शेजारी शेजारी, एकाच पेनानं केलेल्या. अहवालाचं एक अक्षर बोललं नव्हतं. अर्जातली कबुली तेवढी घेतली आणि बाकीचं पान फेकून दिलं.

ऋतिका आता खडेबाजारात एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे प्रबंध टाईप करून देते. अर्जाच्या प्रती तिनं अनुदान देणाऱ्या कचेरीला पाठवल्या, दोन पेपरांना पाठवल्या. 'आपले पत्र मिळाले' एवढं कचेरीनं कळवलं. पेपरवाल्यांनी तेही नाही.

दिवाळीनंतर मंगलचा फोन आला. चक्कर येऊन ती कारखान्याच्या दारातच पडली होती. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, दवाखान्याचं काहीतरी बघा. तर मुकादमानं आतून तो गुळगुळीत अहवाल आणला आणि तिच्या नाकापुढं धरला. बघ, विद्यापीठानं लिहिलंय, तंबाखूनं तुला काय होत न्हाय, तू जेवत नसशील.

"मी म्हटलं, दाखव, ह्यात आमच्या ऋतिकाचं नाव कुठं हाय," मंगल सांगत होती. "त्यानं सगळी पानं उलटली. न्हाईच म्हणाला."

"न्हाय वहिनी. नवा छापला त्यात काढलं माझं नाव."

"आकडं?"

"आकडं तेच हायत."

मग मंगल म्हणाली, "तुझं नाव न्हाय तेवढं बरं झालं," आणि माल टाकायची वेळ झाली म्हणून तिनं फोन ठेवला.