केसरबाईची आणखी एक भाकरी

मित्रांनो, पीठ मळायची जुनी लाकडी काठवट आहे मी. माझ्या कडेला एक चीर आहे. ती कशी पडली, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

परभणीकडच्या एका सुताराने मला बाभळीच्या एकाच ओंडक्यातून कोरले. केसरबाई लग्न होऊन निगडीला आली, तेव्हा मी तिच्या डोक्यावर होते. माझ्यातच ती ज्वारीचे पीठ मळायची आणि माझ्यातच भाकरी थापायची. हात सढळ, त्यामुळे भाकरीही ताटाएवढी! पुढे तिचे मालक भिवा वारले आणि मुलगा समाधान चाकणला कंपनीत लागला. पण तिची एक सवय काही मोडली नाही. समाधान 'बास' म्हणाला की ती वाढायचीच. "घे की रं आणखी एक," म्हणायची. माया दाखवायची दुसरी रीत तिला येतच नव्हती.

गेल्या वर्षी समाधानला साखरेचा आजार निघाला. गोळी सुरू झाली. त्याने मोबाइलवर कसलेसे व्हिडिओ पाहिले आणि एके दिवशी ताट सरकवले.

"आई, उद्यापासून भाकरी-भात बंद. भाकरीतच साखर असते."

केसरबाईचा हात पिठातच राहिला. "म्या कवा घातली रं साखर?"

बिचारीला वाटले, आपणच पोराला आजारी पाडले. तिने मला धुऊन-पुसून माळ्यावर ठेवले. स्वतःही भाकरी खाईना. विचारले तर म्हणे, दात दुखतात. लाकूड वापरात असले तरच टिकते, मित्रांनो. पाण्याचा, पिठाचा हात लागेना, तशी मी सुकले आणि कडेला चिरले. खाली केसरबाईही वाळत चालली होती. मला फार वाईट वाटायचे.

एकदा पहिल्या शिफ्टला समाधान गोळी घेऊन उपाशीच गेला. मशीनपाशी त्याचे हात थरथरू लागले आणि तो मटकन खाली बसला. सोबत्यांनी त्याला कंपनीच्या दवाखान्यात नेले. साखरपाणी पाजल्यावर तो सावरला. दुपारी त्याची बायको मिनल त्याला घरी घेऊन आली आणि स्वयंपाकघरात सासूजवळ बसली.

"आई, डॉक्टर लई चिडल्या ह्यांच्यावर. म्हणाल्या, गोळी चालू आणि जेवण बंद, हे कुणी सांगितलं? आणि शिफ्टमधले चार गोड चहा, क्रीमची बिस्किटं, ती का नाही सोडली?"

"मग माझ्या भाकरीनं न्हाई झालं?" केसरबाईने विचारले.

"नाही हो आई. भाकरीची पण पोटात साखर होते, पण जरा सावकाश. कामाची ताकद त्यातूनच येते. चहातली साखर मात्र लगेच रक्तात उतरते. आता अर्धं ताट भाजी, थोडी उसळ नाहीतर डाळ आणि मध्यम एक भाकरी. एकच हं, आई."

केसरबाई पदराने डोळे पुसत उठली. संध्याकाळी मी माळ्यावरून खाली आले. तिने माझ्या चिरेत तेल चोळले. मिनलने मोजून एका भाकरीचे पीठ घातले. केसरबाईने ते मळले, गोळा केला आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने त्याचे दोन केले. पुरीपेक्षा जराशा मोठ्या अशा दोन भाकऱ्या मी अंगावर थापून घेतल्या.

मित्रांनो, अन्नाचे माप जरूर धरा, पण ऐकीव गोष्टीवरून त्याच्यावर रुसू नका. काय सोडायचे आणि किती खायचे, ते जाणत्याला विचारा. आणि घरात जेवायला वाढणारे माणूस आहे, त्याचीही काळजी घ्या. नाहीतर माझ्यासारखी चीर पडते, आणि ती तेलाने बुजत नाही.

त्या संध्याकाळी समाधानने भाजीबरोबर पहिली भाकरी संपवली. केसरबाईने दुसरी उचलली.

"घे की रं आणखी एक."

इतकी वर्षे 'बास' म्हणणाऱ्या समाधानने मुकाट्याने ताट पुढे केले.