लेम्पी वाचली त्याची माफी

लेम्पी माझी धाकटी बहीण. आठ लेकरांची आई. आठव्याच्या वेळी तिचं रक्त थांबता थांबेना. औलू शहरातल्या इस्पितळाच्या डॉक्टरीणबाईंनी दोघा नवरा-बायकोला तोंडावर सांगितलं, पुढच्या बाळंतपणातून ही उठणार नाही. नसबंदी करून घ्या. लेम्पी रडली, आणि मग तिने आणि तिच्या नवऱ्याने, टाउनोने, हो म्हटलं.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत मूल नाकारणं म्हणजे देवाला नाकारणं. कूस उघडणारा तो, मिटणाराही तोच. हे आम्हा बहिणींना शिकवलं आमच्या बाबांनीच. प्रार्थनाघराचे मुख्य उपदेशक ते.

बातमी फुटली आणि दोघांना मंडळीपुढे बोलावणं आलं. बाहेर मार्चचा बर्फ, आत भरगच्च बाकं. लेम्पीला अजून नीट उभं राहवत नव्हतं. खुर्ची कोणी दिली नाही. मी माझा कोट जमिनीवर घातला आणि तिला त्यावर बसवलं.

बाबांनी अब्राहामाची गोष्ट काढली. देवाने त्याच्याकडे पोटचा मुलगा मागितला, त्याने का म्हणून विचारलं नाही, चाकू उचलला. "याला म्हणतात आज्ञापालन," बाबा म्हणाले. "तुमच्याकडे देवाने काय मागितलं होतं? नुसता भरवसा. तेवढाही झाला नाही. टाउनो, चुकलो म्हण. माफी माग. मंडळी आत्ता तुला पदरात घेईल."

टाउनो लाकडं वाहणारा माणूस. चारचौघांत त्याला नाव सांगायलासुद्धा घाम फुटायचा. तो उठून सासऱ्यांकडे वळला.

"कशाची माफी मागू, मामा? बायको वाचली त्याची?"

"शब्दांशी खेळू नकोस."

"खेळत नाहीये. विचारतोय. ती मेली असती तर तुम्ही आज मला काय म्हणाला असतात?"

बाबा अगदी शांतपणे म्हणाले, "म्हटलं असतं, ती आज्ञेत मेली. तिच्या कबरीवर मी स्तोत्र म्हटलं असतं."

लेम्पी माझ्या पायाशी बसली होती. तिने मान वर करून बापाकडे पाहिलं. माझं डोकं असं फिरलं, की समोरचं बाक मी धरलं नसतं तर काय केलं असतं, सांगता येत नाही.

"लाज वाटते का हो, बाबा?" मी ओरडले. आमच्यात बायका सभेत बोलत नाहीत. "चाकू तिच्यावर, आणि पुण्य तुमच्या खात्यात? स्वतःचं काय दिलंत तुम्ही आजवर? अब्राहामाला शेवटी हात थांबव असं ऐकू तरी आलं. तुमच्या कानांना काय झालंय?"

"ऐला, खाली बस."

"नाही बसत. असलं मागणारा जो कोणी आहे तो माझा देव नाही. आणि तो तसं मागतच नसेल, तर तुम्ही त्याच्या नावावर खोटं बोलताय. दोन्हींतलं कुठलं, ते ठरवा!"

मागून कोणी तरी स्तोत्र सुरू केलं, मला दाबायला. शंभर गळे त्यात मिसळले. बाबांनी आमच्याकडे पाठ केली, आणि त्यांच्यामागोमाग एकेका बाकाने. टाउनोने लेम्पीला उचलून घेतलं. दाराशी ती त्याच्या खांद्यावरून वळून म्हणाली, "बाबा, घरी चुलीशेजारी आईचं औषध ठेवलंय, संध्याकाळचं चुकवू नका." बाबा गातच राहिले.

तेव्हापासून रस्त्यात कोणी आम्हाला 'देवाची शांती' म्हणत नाही. नातवंडं दिसली की बाबा रस्ता ओलांडतात. लेम्पी अजून त्यांच्यासाठी प्रार्थना करते. म्हणते, ताई, त्यांनाही कोणी तरी भीती घातलीच असेल ना. असेल. मला त्यांची कीव करायची नाही.

परवा जेवताना थोरल्या लेकीने, केर्टूने, बापाला विचारलं, "देवाने सांगितलं तर तुम्ही मला माराल?"

टाउनोने राय धान्याची भाकर मोडून तिच्या ताटात ठेवली. "सांगीन त्याला, चालता हो," तो म्हणाला. "खा तू."