चुकीच्या वेगाची तबकडी

मित्रांनो, परवा दुपारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मी एक जुनी तबकडी आहे, काळी, ताटाएवढी, कडेचा टवका उडालेली. माझ्यावर एका सिंफनीचा दुसरा भाग कोरलेला आहे. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाची रचना, बहुधा चार भागांची.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. एका लष्करी साहेबांच्या सामानातून मी भिंगारला आले. त्यांनी मला कधी वेष्टनातून काढलंसुद्धा नाही. त्यांची बदली झाली आणि मी जुन्या बाजारात गोणपाटावर येऊन पडले. तिथून मला भीमराज आबांनी उचललं. आबांचा लग्नाचा बँड होता आणि ते स्वतः क्लॅरोनेट वाजवायचे.

त्यांच्या प्लेअरचा वेगाचा खटका गंजून एकाच जागी बसला होता. मला मिनिटाला तेहतीस फेरे हवेत, तो पंचेचाळीस मारायचा. हे आबांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. त्या वेगात मी झपाझप, उड्या मारत वाजायचे. हार्मोनियमच्या पांढरी दोन पट्टीतली मी थेट पांढरी पाचवर चढायचे. आबांनी ऐकून ऐकून माझी सुरावट बसवली, खाली ढोल-ताशा दिला आणि भिंगारपासून नेवाशापर्यंत नवरदेव तिच्यावर मिरवले. लोक फर्माईश करायचे, "आबा, ती विलायती चाल होऊ द्या." मी तर हवेतच होते!

परवा घरात आबांच्या नातीच्या, अश्विनीच्या, लग्नाची गडबड होती. दुसऱ्या दिवशी वरात. तिच्यात आबा शेवटचं वाजवणार होते आणि वाजवणार होते माझीच चाल. अश्विनीचा मित्र पार्थ, पियानो शिकलेला, आबांना भेट म्हणून नवा प्लेअर घेऊन आला. त्याने मला त्यावर ठेवलं आणि सुई टेकवली.

मित्रांनो, तो आवाज मी ओळखला नाही. खोल, जड, पाय ओढत चालणारा. मी पार हादरले. अश्विनीची आई सुरेखा चहा गाळत होती, ती तशीच थांबली.

"लई सावकाश वाजतीय," आबा म्हणाले. "मशीन खराब हाय का?"

"नाही आबा, हाच बरोबर वेग आहे. सूरही इतका खालचाच." पार्थने माझ्या मधोमध चिकटवलेला कागद वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. "आबा, ही शोकयात्रेची चाल आहे. प्रेत नेतानाची."

काय सांगू तुम्हाला! इतकी वर्षं मी मांडवांत नाचत होते, नवऱ्यामुलींना हसवत होते.

आबांच्या तोंडचं पाणी पळालं. "माझ्या मिलिंदच्या वरातीत हीच वाजवली मी." मिलिंद म्हणजे त्यांचा मुलगा, सुरेखाचा नवरा. अश्विनी लहान असतानाच तो गेला. "म्हंजे मीच त्याची मैत वाजवली. उद्या पोरीला हे नको." त्यांनी क्लॅरोनेट पेटीत घातलं.

सुरेखाने गाळणी खाली ठेवली. "आबा, चालीनं मानूस मरत न्हाई. त्यांना ट्रकनं उडवलं. वरातीत ते लई हसत हुते, तुमी वाजवत हुता म्हनून. तेवढंच उरलंय माझ्याकडं, त्याला बट्टा लावू नका. उद्या हीच वाजवायची."

आबांनी पेटीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "सुरेखा, तो गेला तवा मी वाजवलंच न्हाई गं. साऱ्या गावाला वाजवलं, पोराच्या मैतीला न्हाई." त्यांनी पेटी पुन्हा उघडली आणि पार्थला सुई सुरुवातीला ठेवायला सांगितली.

काल वरातीत मी पुन्हा उड्या मारल्या, अश्विनी घाम फुटेस्तोवर नाचली. पण मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी तबकडी धूळ खात असेल, तर तिला पुसा आणि एकदा तरी तिच्या स्वतःच्या वेगात वाजू द्या. परवा मी तशी वाजत होते, आबा माझ्या मागोमाग एकेक सूर धरत होते आणि सुरेखा पदर तोंडाला लावून रडत होती. मध्येच आबांनी क्लॅरोनेट ओठांवरून काढलं आणि पार्थला विचारलं, "पोरा, आजून सावकाश न्हाई व्हनार का? लवकर संपंल ही."